अध्यक्षांचा गळा

विनीत आंबेरकरचा असा दावा होता, की अध्यक्ष हा पाळीव प्राणी आहे. त्याला वैरण कुठली लागते तेवढं ओळखलं, की तो कुठल्याही गोठ्यात सुखानं राहतो आणि वेळच्या वेळी सह्या देतो.

हा दावा तो हवेत करत नव्हता. राष्ट्रीय लोकरंग परिषदेच्या पश्चिम विभागीय केंद्रात तो कार्यक्रम अधिकारी होता आणि त्या खुर्चीत बसून त्यानं एकामागून एक बरेच अध्यक्ष रिचवले होते. केंद्राच्या नावात राष्ट्रीय, विभागीय, पश्चिम असं सगळं असलं तरी ते होतं ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये, पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यावर. खाली मशीन सुरू झालं की वरच्या सगळ्या लोककलांना एकच ताल मिळायचा. मुख्यालय दिल्लीत, आणि अध्यक्ष सरकार नेमेल तो. एक अध्यक्ष असे होते, की त्यांना फक्त फोटो लागायचा. एकांना सुनेचं नृत्य ठेवून हवं होतं. ते एकदा ठेवलं, आणि वर्षभर फायली पाण्यासारख्या वाहिल्या. एक तर बैठकीत झोपायचे. ते सगळ्यांत उत्तम, असं विनीत म्हणायचा.

त्यामुळे विकीशेठ गायकर परिषदेचे नवे राष्ट्रीय अध्यक्ष झाल्याची बातमी आली, तेव्हा डोंबिवलीतल्या त्याच्या घरात त्याची बायको प्राची जेवढी दचकली, तेवढा तो दचकला नाही.

विकीशेठ म्हणजे कल्याण पट्ट्यातलं मोठं प्रस्थ. घराणं मूळचं खाडीकाठचं, शेतीचं आणि मिठागराचं. जमिनीला भाव आला तशी माणसंही वर गेली. विधानसभेला त्यांचं तिकीट कापलं गेलं, ते रुसले. पक्षाला त्यांचा रुसवा परवडणारा नव्हता. महामंडळं वाटून संपली होती. उरली होती ती कला, ती त्यांना दिली.

"ह्यांचा लोककलेशी काय संबंध?" प्राचीनं विचारलं. ती कल्याणच्या एका शाळेत मराठी शिकवायची आणि संबंध विचारायची तिला सवय होती.

"गणपतीत डीजे लावतात," विनीत म्हणाला.

"आणि तुझी रंगूबाईंची फाईल?"

"तीच तर सही करून घ्यायचीय. बघ तू. महिन्याभरात आणतो."

रंगूबाईची फाईल हा विनीतच्या आयुष्यातला एकमेव विषय, ज्यावर तो विनोद करत नसे. खाडीकाठच्या गावांत लग्नाचे विधी बाई चालवते, गाण्यातून. त्या गाण्यांना धवले म्हणतात आणि गाणारीला धवलारीण. डोंबिवलीच्या पलीकडच्या गावातली रंगूबाई ही त्यातली शेवटची मोठी धवलारीण. वय ऐंशीच्या घरात, पण आवाज असा, की मांडवाच्या पार टोकाला बसलेला माणूस जेवताना घास हातात धरून थांबायचा. विनीतनं वर्षानुवर्षं सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे जाऊन तिची गाणी ध्वनिमुद्रित केली होती. परिषदेच्या राष्ट्रीय सन्मानासाठी तिचं नाव सुचवलं होतं. निवड समितीनं ते एकमतानं मान्यही केलं होतं. अडलं होतं ते अध्यक्षांच्या सहीवर, कारण जुने अध्यक्ष गेले आणि नवे हे असे आले.

मग दिल्लीहून उपसचिव भटनागरांचा फोन आला.

विरोधी पक्षाच्या एका खासदारानं संसदेत प्रश्न टाकला होता, की परिषदेच्या नव्या अध्यक्षांचं लोककलेतलं योगदान काय. उत्तर तयार करायचं होतं.

"आप तो वहीं के हैं, आंबेरकरजी," भटनागर म्हणाले. "आधा पन्ना भेज दीजिए. शाम तक."

"सर, योगदान म्हणजे... तसं थेट काही..."

"अरे भई, नाम ही गायकर है. गायकर मतलब गायक, है ना?"

गायकर हे आडनाव आहे. त्या पट्ट्यात गल्लोगल्ली गायकर आहेत. त्यांत रिक्षावाले आहेत, वकील आहेत, आणि गाणारे जवळपास कोणी नाहीत. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. विनीतनं ते जिभेवर आणलंही. पण तेवढ्यात त्याच्या मनात आलं, की हीच ती वैरण. अध्यक्ष खूश, तर फाईल मोकळी.

"जी सर," तो म्हणाला. "उसी से आया होगा."

त्या एका 'होगा'वर पुढचं सगळं उभं राहिलं.

अर्ध्या पानाला काहीतरी मजकूर लागतो. विकीशेठच्या गाण्याबद्दल मजकूर कुठून आणायचा? विनीतनं रंगूबाईच्या शिफारशीची फाईल उघडली आणि तीच समोर ठेवून लिहायला बसला. आत्याचं बोट धरून मिठागराच्या बांधावरून लग्नाच्या मांडवात जायची, तिच्या मागे बसून गुणगुणायची, आत्याचा आवाज बसला त्या दिवशी पहिल्यांदा एकटीनं गायली. मराठीत बाईचा पुरुष करायला फार कष्ट लागत नाहीत. 'जायची'चं 'जायचे' केलं, 'गायली'चं 'गायले' केलं, की झाले विकीशेठ. मग त्यानं त्याचं हिंदी केलं आणि पाठवून दिलं. त्याला स्वतःला ते वाचून बरं वाटलं. रंगूबाईबद्दल लिहिलं तेव्हाही त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

संसदेत ते उत्तर जसंच्या तसं वाचलं गेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. तिसऱ्या दिवशी विकीशेठनी त्याला कल्याणच्या कार्यालयात बोलावून घेतलं.

विनीत जाताना माफीची दोन-तीन वाक्यं जुळवून गेला. आत विकीशेठ एकटेच बसले होते, गळ्यात जाड साखळी, समोर तोच पेपर. वयानं पंचेचाळीसच्या आतबाहेर, चेहरा दमलेला.

"हे तुमी लिवलं?"

"साहेब, ते दिल्लीनं घाईनं..."

"आई वाचून रडली माझी," विकीशेठ म्हणाले. "बोलली, सगलं लिवलंय पन आत्याचं नाव नाय घातलं. गोदाआत्या होती मला."

विनीतनं जुळवलेली माफी गिळली. "त्या गायच्या?"

"भांडायची. पन आवाज व्हता." त्यांनी पेपराची घडी केली, उलगडली. "तिकीट कापलं तवा कुनी एक शब्द बोललं नाय माझ्याबद्दल. तुमी बोललात. नाव घाला तेवढं तिचं."

विनीतनं परिचयपत्रकासाठी आणलेल्या आपल्या प्रतीत नाव घातलं. मग हळूच रंगूबाईची फाईल पुढे केली. विकीशेठनी फोटो बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. "ही तर रंगूमावशी. माझ्या लग्नात हीच व्हती धवल्याला."

"मग सही, साहेब..."

"करू ना. घाई काय? आदी मला सांगा, ते धवले धवले बोलतात ते नेमकं किती प्रकारचं असतं? लोक विचारतात आता."

लोक खरोखरच विचारू लागले होते. विकीशेठ शाळेच्या बक्षीस समारंभाला गेले, मुख्याध्यापिका म्हणाल्या, दोन ओळी होऊन जाऊ द्या. पतपेढीच्या उद्घाटनाला गेले, चेअरमननी माईक पुढे केला. विकीशेठनी पहिल्यांदा सांगितलं, गळा बसलाय. तेच दुसऱ्यांदा सांगितलं. हळूहळू गळा बसलाय ही बातमी झाली. कार्यकर्ते मध आणून देऊ लागले, ज्येष्ठमधाच्या काड्यांची पुडकी यायला लागली. मानपाडा रस्त्यावर एक भलामोठा फ्लेक्स लागला: 'मा. विकीशेठ यांच्या कंठास लवकर आराम पडो, ही आई एकवीरेचरणी प्रार्थना.' खाली प्रार्थना करणाऱ्यांचे फोटो, जुन्या गोणीत बटाटे भरावेत तसे दाटीवाटीनं.

विनीत रोज स्टेशनला जाताना तो फ्लेक्स बघायचा. पहिले दोन-चार दिवस त्याला हसू यायचं. मग तो दुसऱ्या फुटपाथनं जायला लागला.

तेवढ्यात परिषदेचा विभागीय महोत्सव आला. दिल्लीहून भटनागर येणार, मंत्री येणार, ठाण्यातलं मोठं नाट्यगृह घेतलेलं. पत्रिका दिल्लीत छापली गेली आणि गठ्ठा वागळे इस्टेटला आला तेव्हाच विनीतनं ती वाचली. उद्घाटन: अध्यक्षांचे पारंपरिक धवलेगायन.

संध्याकाळी विकीशेठचा फोन आला. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "आंबेरकर, तुमी मला गायक केलात. आता गायला लावा."

विनीतनं वाट काढली. वाट काढण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. धवले तसेही एकटीनं गात नाहीत, मागे साथीला बाया असतात. तर विकीशेठ पुढे उभे राहतील, रंगूबाई मागे बसेल, आवाज एकमेकांत मिसळून जातील. रंगूबाईला मोठं व्यासपीठ मिळेल आणि फाईलही हलेल. "कार्यक्रम नीट झाला की तिथल्या तिथं सही," विकीशेठनी शब्द दिला.

तालीम रंगूबाईच्या घरी झाली. खाडीच्या अंगाला जुनं गाव, आणि त्याच्या चहूबाजूंनी टॉवर उभे राहिलेले. तिच्या अंगणात दुपारी बारालाच सावली पडायची. रंगूबाईची नात दर्शना कॉलेजात जायची आणि आजीचे धवले शिकणारी गावात ती एकटी. तिनं विकीशेठना खुर्ची दिली, विनीतला पाणी दिलं आणि दाराला टेकून उभी राहिली.

रंगूबाईनं एक ओळ म्हणून दाखवली. "मिठाच्या बांधावं उतरला चांद गो, नवऱ्याच्या आयशीनं उजलिला दिवा."

विकीशेठनी घसा खाकरला आणि ती ओळ म्हटली. मालाचा टेम्पो रिव्हर्स घेताना जसा आवाज येतो, तसंच काहीतरी त्यांच्या गळ्यातून आलं. अंगणातली कोंबडी पायरीवरून खाली उतरली. विकीशेठ घामाघूम झाले. पुन्हा म्हणाले, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी मान खाली घातली, आणि त्या क्षणी विनीतला त्यांची खरंच दया आली.

"विकी," रंगूबाई म्हणाली, "तू नुसतं व्हट हालव, बाला. बाकीचं मी बगतंय."

"मावशे, लोकं हसतील."

"कशाला हसतील? लग्नात नवरा कवा गातो काय? तो पाटावं बसतो, आमी त्याच्यासाटी गातो. तसंच हाय ते."

विकीशेठनी तिच्या पायांना हात लावला. दारातून दर्शना म्हणाली, "सर, म्हणजे गाणार आजी आणि नाव त्यांचं?"

"तात्पुरतं आहे गं," विनीत म्हणाला. "एका दिवसापुरतं. त्यानंतर आजीचा सन्मान नक्की."

कार्यक्रमाच्या दिवशी विनीतनं सगळी तांत्रिक काळजी घेतली. विकीशेठच्या पुढचा माईक बंद. रंगूबाईच्या पुढ्यात फुलांच्या परडीत छोटा माईक, तो चालू. रंगूबाई आणि तिच्या साथीच्या बाया मागे अंधुक उजेडात, विकीशेठ पुढे झगझगीत. नाट्यगृह खच्चून भरलेलं. पक्षानं बसेस लावल्या होत्या. प्राचीही आली होती.

पडदा वर गेला. विकीशेठनी हात जोडले, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. आणि त्यांच्या तोंडातून ऐंशीच्या घरातल्या एका बाईचा, तारेसारखा ताणलेला, लख्ख आवाज बाहेर पडला.

पहिल्या रांगेतले मंत्री जरा पुढे झुकले. सभागृहात चुळबुळ झाली आणि थांबली. विकीशेठ ओठ बऱ्यापैकी हलवत होते. दोन कडवी पार पडली. विंगेत उभ्या विनीतनं श्वास सोडला आणि तेवढ्यात विकीशेठच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी दुर्लक्ष केलं. तो पुन्हा थरथरला. त्यांनी डोळा किलकिला करून बघितलं आणि त्यांचा रंग उडाला. फोन पक्षाच्या सगळ्यांत वरच्या साहेबांचा होता, आणि तो फोन न घेण्याची हिंमत त्या पट्ट्यात कोणाच्याच अंगात नव्हती.

विकीशेठनी फोन कानाला लावला. "हो साहेब," ते म्हणाले. "हो साहेब. कार्यक्रमात हाय साहेब."

गाणं चालूच होतं. रंगूबाई डोळे मिटून गात होती, तिला काय माहीत. पुढे विकीशेठ एका हातानं तोंड झाकून 'हो साहेब, हो साहेब' करत होते, आणि त्यांचाच आवाज म्हणून जो आवाज होता, तो नाट्यगृहाच्या छतापर्यंत चढून नवरीच्या हळदीचं वर्णन करत होता.

आता हसतील, विनीतला वाटलं. खरं सांगायचं तर त्याला थोडी सुटकाही वाटली. आता कोणीतरी हसेल, मग सगळं नाट्यगृह हसेल आणि हे संपेल.

कोणी हसलं नाही. पहिल्या रांगेत मंत्र्यांनी दोन्ही हात वर केले आणि टाळी वाजवली. मग दुसरी रांग. मग बसेसमधून आलेली सगळी माणसं. विकीशेठनी फोन खिशात टाकला, गडबडीनं ओठ हलवायला पुन्हा सुरुवात केली, तोवर गाणं संपलेलं होतं.

"कमाल है, आंबेरकरजी," भटनागर विंगेत येऊन म्हणाले. "बात भी कर रहे हैं, गा भी रहे हैं. साँस कहाँ से लेते हैं?"

विनीत त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. माणूस थट्टा करतोय की काय, ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. दोन दिवसांनी एका पुरवणीत लेख आला, की पुरुषानं स्त्रीकंठात गाण्याची आणि गाता गाता संवाद साधण्याची दुर्मीळ परंपरा विकीशेठनी एकहाती जिवंत ठेवली आहे.

कार्यक्रमाच्या रात्री घरी जाताना रिक्षात प्राचीनं पर्समधली पत्रिका काढून पुन्हा वाचली. मग म्हणाली, "मला आलं होतं हसू."

"मग?"

"शेजारी बघितलं. कोणीच हसत नव्हतं. मग मीही टाळ्या वाजवल्या."

विकीशेठ सही करणार होते त्या रात्री, पण हार-तुऱ्यात राहून गेलं. मग निवड समितीची बैठक लागली. तोपर्यंत जुनी निवड समिती बरखास्त होऊन नवी आली होती. तिच्यात एक बांधकाम व्यावसायिक, एक माजी नगरसेवक आणि एक योगगुरू होते. बैठक वागळे इस्टेटलाच झाली. खालचं मशीन चालू होतं.

पहिलाच ठराव होता, की धवलेगायनातल्या अपूर्व कार्याबद्दल यंदाचा राष्ट्रीय सन्मान अध्यक्ष विकीशेठ गायकर यांना द्यावा. अध्यक्षांनी नम्रपणे नको म्हटलं, समितीनं आग्रह केला, अध्यक्षांचा नाइलाज झाला. दुसरा विषय रंगूबाईचा. भटनागरांनी फाईल बंद केली. "एक कला, एक सम्मान. नियम है. धवले तो हो गया."

विनीत उठून उभा राहिला. उठायचं त्यानं ठरवलं नव्हतं. खुर्चीनंच ढकलावं तसा उठला.

"साहेब, हे खोटं आहे," तो म्हणाला. "ते अर्धं पान मी लिहिलं. रंगूबाईंची गोष्ट उचलून लिहिली. त्या दिवशी गायल्या त्याही रंगूबाई. विकीशेठ गात नाहीत. त्यांनी आयुष्यात कधी धवला गायलेला नाही."

बोलून झाल्यावर त्याची छाती हलकी झाली होती. आता काय व्हायचं ते होवो. त्यानं विकीशेठकडे बघितलं.

"मला म्हाईत हाय की," विकीशेठ म्हणाले. "मी नाय गात."

"आम्हाला पण माहीत आहे," बांधकाम व्यावसायिक म्हणाले. "बसा ना."

योगगुरूंनी बिस्किटांची बशी विनीतकडे सरकवली.

भटनागर मात्र गंभीर झाले. त्यांनी चष्मा काढला. "आंबेरकरजी, सदन में उत्तर दिया जा चुका है. अब वो झूठ नहीं हो सकता. और अगर झूठ है, तो लिखा किसने? आपने. ये कार्यवृत्त में लिखवाना है क्या?"

खाली मशीन धडधडत होतं. विनीतच्या डोळ्यांपुढे डोंबिवलीचं घर आलं, घराचे हप्ते आले, प्राचीचा चेहरा आला. सगळे शांतपणे त्याची वाट बघत होते. कोणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"नाही सर," तो म्हणाला आणि बसला.

चहा आला. विकीशेठचं मन काही थाऱ्यावर नव्हतं. माणूस वाईट नव्हता. "म्हातारीला असं सोडायचं नाय," ते म्हणाले. "माझ्या लग्नात गायलीय ती. तिला कायतरी बसवा."

भटनागरांनी योजनांची पुस्तिका चाळली. एक पुरस्कार शिल्लक होता, गुरू-शिष्य परंपरेखालचा, होतकरू शिष्यांना दिला जाणारा. वयाची अट होती, पण ती शिथिल करायचा अधिकार अध्यक्षांना होता. गुरूचं नाव लागत होतं. गुरूही समोरच बसले होते.

"आंबेरकर लिवतील," विकीशेठ म्हणाले. "ते चांगलं लिवतात."

विनीतनं लिहिलं. रंगूबाई विकीशेठच्या मार्गदर्शनाखाली धवलेगायनाचे धडे गिरवीत असून तिच्याकडून भविष्यात मोठ्या अपेक्षा आहेत, असं लिहिलं. प्राचीनं ते त्याच्या टेबलावर वाचलं. "व्याकरण बरोबर आहे," ती म्हणाली आणि दिवा मालवून झोपायला गेली.

रंगूबाईला सांगायला तो स्वतः गेला. म्हातारी अंगणात तांदूळ निवडत होती.

"आजी, तुम्हाला राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय."

"कुठला?" दर्शनानं विचारलं.

"राष्ट्रीय."

"तो मोठा सन्मान? तुम्ही म्हणायचात तो?"

"त्याच संस्थेचा आहे," विनीत म्हणाला आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला. दर्शना त्याच्याकडे बघत राहिली. रंगूबाईनं मात्र सूप बाजूला ठेवलं, पदरानं डोळे पुसले आणि शेजारणीला हाक मारून सांगितलं, की दिल्लीनं मना बक्षीस दिलंय.

समारंभ कल्याणला झाला. रंगूबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली होती. गावातल्या बाया टेम्पो करून आल्या होत्या. आधी विकीशेठना सन्मान दिला गेला, त्याला बराच वेळ लागला. मग रंगूबाईला वर बोलावलं. भटनागरांनी मानपत्र हिंदीत वाचलं. तिला त्यातलं स्वतःचं नाव तेवढं कळलं, त्या वेळी तिनं मान हलवली.

विकीशेठ शाल घेऊन पुढे आले. रंगूबाईनं सवयीनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तेही सवयीनं वाकले.

"आजी, असं नको," खालून फोटोग्राफर म्हणाला. "गुरू ते आहेत. तुम्ही वाका."

रंगूबाईला नीट ऐकू आलं नाही. विकीशेठ अवघडून उभे राहिले. भटनागरांनी हातानं खूण केली. म्हातारी इकडेतिकडे बघत, गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू वाकली. फ्लॅश पडले. दर्शना प्रेक्षकांतून उठली आणि बाहेर निघून गेली.

समारंभ आटोपल्यावर रंगूबाई विंगेत एका खुर्चीवर बसली होती, मांडीवर सन्मानचिन्ह आणि शाल. विनीत तिच्यासाठी चहा घेऊन आला. तिनं सन्मानचिन्हावरच्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"काय लिवलंय रं यावं?"

"तुमचं नाव, आजी."

"नाव वलखतंय मी. त्याच्या आदी काय हाय ते?"

विनीतनं आजूबाजूला बघितलं. कोणी नव्हतं. "उदयोन्मुख," तो म्हणाला.

"म्हंजे काय?"

त्याला खोटं सांगता आलं असतं. आतापर्यंत त्याला ते चांगलं जमत होतं. "म्हणजे... ज्याचा अजून उदय व्हायचाय, आजी. लवकरच होणार आहे, असा माणूस."

रंगूबाईनं चहाचा घोट घेतला आणि सन्मानचिन्ह पदराला पुसलं.

"मंग जरा घाई करा, बाला," ती म्हणाली. "मना आता फार वेल नाय."